फाटकाबाहेरचा फळा

विभागीय हवामान कार्यालयाची प्रमुख झाल्यावरही जुन्या सहकाऱ्यांनी तिला फुगेवाली म्हणणं सोडलं नाही, आणि तिनंही ओ देणं सोडलं नाही.

हे नाव पडलं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती टेकडीवरच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून रुजू झाली तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याला टेबल मिळेल, खुर्ची मिळेल, निदान भिंतीवर एखादा नकाशा तरी. मिळाली पत्र्याची शेड, हायड्रोजनचं सिलिंडर आणि भरल्यावर माणसापेक्षा उंच होणारा रबरी फुगा. त्याला यंत्राची डबी बांधायची, दोर सावरत मोकळ्या पटांगणात न्यायचं आणि वारा बघून सोडून द्यायचं. वर जाता जाता डबी हवेची खबर खाली धाडते. फुगा फुटला की कुणाच्या तरी शेतात नाहीतर गच्चीत जाऊन पडते. वाऱ्याची दिशा बघायची, हे तिला सांगितलं होतं. वारा ऐन वेळी दिशा बदलतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच फुग्यानं तिला फरफटत पटांगणापार नेलं आणि थेट वरिष्ठांच्या खिडकीवर नेऊन आदळलं.

वरिष्ठांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय गं फुगेवाली, मी विकत घ्यावा अशी इच्छा आहे का?"

ती रडायच्या बेतात होती. हसली. नोकरी तिथंच टिकली म्हणायची.

हे वरिष्ठ, ज्यांना ती पुढे आयुष्यभर सर म्हणत आली, बोलायला तिखट आणि पैजेचे शौकीन होते. ढग दुपारी उंच चढेल की नाही, वारा संध्याकाळी फिरेल की नाही, यावर चहाची पैज लागल्याशिवाय त्यांना काम सुचायचं नाही. हरले की चहा स्वतः करून आणायचे आणि तो इतका वाईट करायचे की जिंकणाऱ्यालाच पस्तावा व्हावा. त्यांनी तिला एकच सवय लावली: आधी बाहेर जाऊन आभाळ बघायचं, मग आत येऊन कागद. उलटं केलंस तर कागदावरचंच आभाळ दिसायला लागतं, असं ते म्हणत.

टेकडीवरून तिची बदली विमानतळावर झाली. तिथं वैमानिक उड्डाणाआधी तिच्या टेबलापुढे येऊन उभे राहत. पहिल्या दिवशी तिनं पुस्तकी भाषेत सांगितलं, "तुरळक ठिकाणी गडगडाटाची शक्यता." वैमानिकानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि विचारलं, "धावपट्टी तुरळक ठिकाणांत येते का, बाई?" तेव्हापासून तिनं पुस्तकी भाषा कमी केली. पुढे बंदरावरचं कार्यालय झालं, दोन परीक्षा झाल्या, आणि नदीकाठच्या या शहरात ती विभागीय केंद्रात अंदाज काढणारी म्हणून आली. अंदाजाखाली आता तिची सही असायची.

इथंच तिची नवऱ्याशी गाठ पडली. तेव्हा तो नवरा नव्हता. तो लाँड्रीवाला होता, आणि खांद्यावर हॉटेलच्या चिंब भिजलेल्या चादरींचं गाठोडं टाकून फाटकाशी भांडायला आला होता.

"आकाश मुख्यतः निरभ्र, असं कुणी लिहिलं?"

"मी," ती म्हणाली. "मुख्यतः, असंच लिहिलंय. सगळीकडे असं नाही."

"मुख्यतः म्हणजे किती?"

"म्हणजे बहुतेक ठिकाणी."

"मग जिथं नाही, नेमकी तिथंच माझी दोरी बांधलेली होती, असं समजायचं?" त्यानं गाठोडं खाली टाकलं. पाणी तिच्या चपलांपर्यंत आलं. "मी गिऱ्हाइकाला म्हटलं, शर्ट उद्या देतो, आणि नाही दिला, तर तो दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन उभा राहतो. काल काय म्हणालास, विचारतो. तुम्ही काल काय म्हणालात, ते आज विचारायला तुमच्या दारात कोण येतं?"

"आज तुम्ही आलात की."

तो गाठोडं उचलून निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, चादरी न घेता. त्या वर्षी त्यांचं लग्न झालं. सासूबाईंना सून पसंत होती. सुनेचं खातं पसंत नव्हतं. कपडे वाळत घालण्याआधी त्या सुनेला विचारायच्या आणि ऐकून झालं की खिडकीतून हात बाहेर काढून स्वतः खात्री करायच्या.

वर्षं गेली, बढत्या आल्या, आणि विभागाची सूत्रं तिच्याकडे आली. खुर्चीत बसल्यावर तिनं पहिला हुकूम काढला तो सुताराला. फाटकाबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, मोठा काळा फळा. मधोमध उभी रेघ. डावीकडे 'काल काय म्हणालो', उजवीकडे 'काय झालं'. खाली, उद्याचा अंदाज.

तिचा दुय्यम अधिकारी हादरला. हा गृहस्थ हुशार होता, पण कुठलंही वाक्य 'कदाचित' लावल्याशिवाय पुरं करत नसे. अख्खं कार्यालय त्याला कदाचितराव म्हणे.

"मॅडम, चुकलो तर तेही लिहायचं?"

"तेच आधी लिहायचं."

"रस्त्यावर? कदाचित लोक हसतील."

"कदाचित नाही, नक्की हसतील. हसू देत."

लोक हसले. फळा लिहायचं काम कार्यालयातल्या शिपायाकडे होतं. त्याला सगळे मामा म्हणत, अक्षर त्याचं छापल्यासारखं. सकाळी तो खडू घेऊन बाहेर आला की शाळेच्या बसचा चालक गाडी हळू करून ओरडायचा, "मामा, आज पास का नापास?" समोरचा केशकर्तनालयवाला गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून तसाच बाहेर यायचा. ज्या दिवशी डावीकडे 'कोरडं' आणि उजवीकडे 'धो धो' असायचं, त्या दिवशी कदाचितराव मागच्या दारानं आत शिरायचे.

पण हळूहळू एक वेगळीच गोष्ट घडली. लोक खालची ओळ वाचायला लागले. बांधकामाचा मुकादम स्लॅब टाकण्याआधी चक्कर मारून जाऊ लागला. नदीवरच्या फेरीबोटीचा सारंग रोज संध्याकाळी येऊन उभा राहायचा आणि दुसऱ्या दिवशीची पहिली फेरी सोडायची की नाही, ते फळ्यासमोर ठरवायचा. पूर्वी हाच माणूस म्हणायचा, यांनी ऊन सांगितलं की छत्री घ्यावी. आता विचारल्यावर सांगायचा, "चुकले तर लिहितात. मग बरोबर लिहिलेलंही खरंच असणार."

फुगेवालीला आजवर जे काही मिळालं होतं, बढती, मानपत्र, परदेशातलं प्रशिक्षण, त्या सगळ्यांपेक्षा सारंगाचं हे वाक्य तिला मोलाचं वाटलं. मग एके दिवशी मुख्य कार्यालयातून फोन आला.

फळा उतरवा, असा आदेश होता. एका वर्तमानपत्रानं एका वाईट आठवड्याचा फोटो छापला होता: सलग चुका, खाली मामांचं सुरेख अक्षर. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. बाकीच्या विभागांच्या प्रमुखांनी तक्रार केली होती की, त्यांच्याकडेही लोक फळा मागायला लागलेत.

तिनं समजावून पाहिलं, मग टाळून पाहिलं. शेवटी मुख्य कार्यालयानं एक वरिष्ठ अधिकारीच धाडायचं ठरवलं. फळा स्वतः समोर उभं राहून उतरवून घ्यायचा आणि तसं कळवायचं. आले ते सर.

केस पांढरे झालेले, हातात चामडी बॅग. बारा वर्षं मुख्य कार्यालयात होते. तिथं फायली असतात, आभाळ नसतं. पलीकडच्या तीरावर स्टेशन होतं, तिथून ते फेरीबोटीनं आले. फाटकाशी थांबून त्यांनी फळा वाचला, अगदी खालपर्यंत.

"अक्षर छान आहे," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत उतरव. मला सकाळच्या पहिल्या फेरीनं परत जायचंय."

"सर, तुम्ही तरी..."

"अगं, माझ्या हातात असतं तर बोललो नसतो का? वरून आलंय."

मामा खिळे सैल करायला लागले.

दुपारी अंदाजाची चर्चा असायची. सगळे नकाशांच्या भिंतीसमोर उभे राहत आणि फुगेवालीनं लावलेली पद्धत अशी की, सगळ्यांत धाकट्यानं आधी बोलायचं, प्रमुखानं शेवटी. नाहीतर सगळे प्रमुखाच्या तोंडाकडे बघून अंदाज काढतात. सरांना कोपऱ्यात खुर्ची दिली. ते मोबाइल काढून बसले.

प्रश्न धुक्याचा होता. दोन दिवस पडून पाऊस उघडला होता. जमीन ओली, आभाळ स्वच्छ, नदीचं पाणी कोमट. धुक्याला लागतं ते सगळं हजर. फक्त वारा आला तर धुकं टिकत नाही, आणि संगणक सांगत होता की मध्यरात्रीनंतर वारा येतोय. नुकतीच लागलेली मुलगी म्हणाली, धुकं नाही. कदाचितराव म्हणाले, कदाचित नाही. फुगेवालीनं बाहेर जाऊन आभाळ बघितलं होतं, दुपारच्या फुग्यानं धाडलेले आकडे बघितले होते. तीही म्हणाली, "वारा पहाटेच्या आत येईल. धुकं नाही, थोडे खालचे ढग."

कोपऱ्यातून आवाज आला. "हं."

"काही म्हणालात, सर?"

"नाही, नाही. चालू दे तुमचं."

फुगेवाली पुन्हा नकाशाकडे वळली. सरांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"नाही, म्हणजे, वारा कधी येतोय म्हणालात?"

"पहाटेच्या आत."

"कोण म्हणतं?"

"संगणक म्हणतो. आणि मीही म्हणते."

"संगणकाला घाई फार. या नदीच्या खोऱ्यात वारा आत शिरायला वेळ लावतो. दोन्हीकडे टेकड्या आहेत, दिसत नाहीत का?" सर उठून नकाशापाशी आले होते. "गार हवा उतारावरून खाली येऊन साचणार, पाण्यावर बसणार. दाट धुकं!"

"सर, बारा वर्षं झाली तुम्हाला अंदाज दिल्याला."

"पोहायला विसरतो का माणूस?"

"विसरत नाही. पण दम लागतो."

त्या मुलीनं हसू आवरण्यासाठी तोंड भिंतीकडे केलं. सरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या सरसावल्या. मग अर्धा तास दोघं वारा, उतार, ओल यांवरून असे हमरीतुमरीवर आले की बाकीच्यांनी खुर्च्या ओढून बसून घेतलं. तिला राग येत नव्हता. टेकडीवरच्या शेडमधल्या दुपारी परत आल्यासारखं वाटत होतं. पण मागेही हटवत नव्हतं. आकडे तिच्या बाजूनं होते.

"लिहा!" सर शेवटी गरजले. "उद्या पहाटे दाट धुकं. नदीपलीकडचं दिसणार नाही. पहिली फेरी बंद!"

मामा दारात उभे होते. "कुठं लिहू, सर?"

"कुठं म्हणजे? फळ्यावर!"

"फळा उतरवतोय, सर. तुम्हीच सांगितलंत."

सगळे नकाशांकडे बघायला लागले. सरांनी बाही खाली ओढली, पुन्हा वर सारली.

"उद्या उतरवा," ते म्हणाले. "एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

कदाचितरावांना नवीच चिंता लागली: एकाच फळ्यावर दोन अंदाज कसे द्यायचे? फुगेवाली म्हणाली, आपल्यात एकमत नाही हे खरं आहे ना, मग लिहा. संध्याकाळी फळ्यावर खाली दोन ओळी होत्या. 'कार्यालय: धुकं नाही. पाहुणे: दाट धुकं, पहिली फेरी बंद.'

सारंग आला, दोनदा वाचलं. "काय हो बाई, घरात भांडण झालंय का?"

"मतभेद आहेत."

"मी कुणाचं ऐकू?"

"माझं मत, धुकं नाही. पण ज्यांचं उलट मत आहे, त्यांनीच मला शिकवलंय."

"मग पहिली फेरी रद्द. घरातल्यांचंच एकमत नसेल तर पाहुण्यानं जेवायला थांबू नये." आणि तो धक्क्यावर पाटी लावायला गेला.

घरी नवऱ्यानं विचारलं, "चादरी रात्रभर गच्चीत राहू देऊ का?"

"राहू द्या. वारा येणार आहे, वाळतील छान."

थोड्या वेळानं तो गच्चीतून चादरींचा ढीग घेऊन खाली उतरताना तिला दिसला.

"अहो!"

"माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे," तो म्हणाला. "पण चादरी हॉटेलच्या आहेत."

सकाळी तिनं खिडकी उघडली, तर समोरची इमारत नव्हती. रस्ता नव्हता, झाड नव्हतं. कठड्यावरची कुंडी तेवढी शिल्लक होती. नदीच्या बाजूनं एक भोंगा वाजला, तोही कापसात गुंडाळल्यासारखा. वाऱ्याचा मागमूस नव्हता.

"अहो, या बघा, चुकले!" तिनं आत हाक मारली आणि स्वतःच हसायला लागली. मग फळा आठवला आणि हसू थांबलं. आज उतरायचा, आणि शेवटच्या दिवशी त्यावर तिचीच चूक. मुख्य कार्यालयाला यापेक्षा सोयीचं काय असणार! ती हातानं भिंती चाचपत निघाल्यासारखी कार्यालयाकडे निघाली.

फाटकाशी माणसांचे नुसते आकार दिसत होते, आणि आवाज सरांचा. गळ्याला मफलर गुंडाळून ते फळ्याला टेकून उभे होते आणि केशकर्तनालयवाल्याला, शाळेच्या बसच्या चालकाला आणि दोन अनोळखी माणसांना खोऱ्यात वारा उशिरा का शिरतो ते समजावत होते. उजाडायच्या आधीच येऊन उभे आहेत, असं मामांनी तिला कानात सांगितलं. चहाही घेतला नव्हता.

"ये, ये, फुगेवाली! वारा आणलास का?"

"वाटेत चुकला, सर."

तिनं मामांच्या हातातला खडू घेतला आणि उजव्या बाजूला स्वतः लिहिलं: 'दाट धुकं. कार्यालय चुकलं. पाहुणे बरोबर.' बसचालकानं टाळ्या वाजवल्या. सर मागे सरकून वाचू लागले, पण मागे सरकलं की काही दिसेना, म्हणून पुन्हा पुढे आले.

"'पाहुणे बरोबर' जरा मोठं लिही की."

तिनं मोठं लिहिलं. सरांनी मोबाइल बसचालकाच्या हातात दिला आणि फळ्याशेजारी ताठ उभं राहून फोटो काढून घेतला. मग आणखी एक, कारण पहिल्यात 'बरोबर' त्यांच्या खांद्याआड गेलं होतं.

मामांनी विचारलं, "सर, मग खिळे काढायला घेऊ?"

"वेड लागलंय का?" सर म्हणाले.

फेरी बंद असल्यामुळे त्यांना जाताही येईना. दोघं चहा घेऊन धक्क्यावरच्या बाकावर येऊन बसली. नदी असावी असं आवाजावरून कळत होतं. तेवढ्यात सरांचा मोबाइल वाजला. मुख्य कार्यालयातून, सर्वांत वरच्या खुर्चीतून.

"हो, इथंच आहे, सर... हो, गेलो होतो समोर... फळा?" सरांनी मान वळवून कार्यालयाच्या दिशेनं नीट बघितलं. तिकडे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. "नाही सर, मला तर कुठं फळा दिसत नाही."

मोबाइल खिशात ठेवून ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "खोटं बोललो का गं?"

"नाही, सर. दृश्यमानता दहा मीटर आहे. फळा शंभरावर."

दोघंही इतकी हसली की सारंग बोटीतून डोकावला.

पण लेखी काहीतरी द्यावं लागणार होतं. सरांनी बॅग मांडीवर आडवी घेतली, वर कागद ठेवला आणि लिहायला लागले. फळा समक्ष पाहिला. नागरिकांना उपयुक्त. प्रायोगिक तत्त्वावर चालू ठेवावा.

"किती काळ लिहू?"

"प्रयोग संपेपर्यंत."

"तो कधी संपेल?"

"आपण चुकायचे थांबलो की."

सरांनी ते जसंच्या तसं लिहिलं, खाली सही केली आणि वर फोटोही जोडतो म्हणाले.

ऊन बरंच वर आल्यावर नदीवरून एक झुळूक आली, मग दुसरी. पलीकडचा तीर आधी डागासारखा आणि मग झाडांसकट दिसायला लागला. सारंगानं भोंगा दिला. सर बॅग उचलून फळीवरून बोटीत चढले, आणि बोट सुटता सुटता बोटीच्या कठड्याशी धावत आले.

"फुगेवाली! उद्या दुपारनंतर ढगाळ! पाहुण्यांच्या नावावर लिहून घे!"

"साहेब," सारंग आतून ओरडला, "आधी खाली बसा!"